फोर्कलिफ्टवरचा स्कॅनर मध्येच अडकतो

प्रश्न: शेडच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाताना स्कॅनर ८-१० सेकंद अडकतो. सिग्नलच्या कांड्या दिसतात. वाय-फायचे ४ ॲक्सेस पॉइंट (सिग्नल देणारे डबे), सगळे २.४ गिगाहर्ट्झ, पॉवर फुल. व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) नॉइज असेल का?

उत्तर १: व्हीएफडीवर बिल फाडू नका, त्याचा नॉइज इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला क्वचितच पोचतो. फुल पॉवर हेच दुखणं. स्कॅनर लांबच्या पॉइंटला चिकटून राहतो, त्याचा स्वतःचा सिग्नल मात्र तिथवर पोचत नाही. पॉवर १२-१४ डीबीएमवर (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणा, चॅनेल १, ६, ११ एवढेच, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

उत्तर २: त्याआधी सर्व्हे (शेडभर फिरून सिग्नल मोजणं), तोही रॅक माल भरलेले असताना. रिकाम्या शेडचा सर्व्हे शोभेचा. सिग्नल -६७ डीबीएमपेक्षा कमी कुठेच नको.

उत्तर ३: पॉइंट बदलताना दर वेळी पूर्ण लॉगिन होतंय का, लॉगमध्ये बघा. तसं असेल तर ८०२.११आर (पॉइंट बदलताना लॉगिन झटपट उरकणारी वाय-फायची सोय) चालू करा. स्कॅनरचं जुनं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) त्यावर गडबडतं, म्हणून आधी एकाच स्कॅनरवर.