'ओव्हरवेट' म्हणजे सभ्य 'ओबीज' नव्हे

परिचारिका_चोपडा
गेले काही दिवस आपल्याकडच्या ग्रुपांवर 'रोज एक इंग्रजी जोडी' अशी मालिका फिरतेय. परवाची जोडी होती ओव्हरवेट आणि ओबीज. लिहिलं होतं, "ओव्हरवेट म्हणजे थोडा जाड, ओबीज म्हणजे खूप जाड. ओबीज कानाला टोचतं, म्हणून चारचौघांत ओव्हरवेटच म्हणावं." खाली सगळ्यांचे अंगठे आणि फुलं. काल ओपीडीत एक बाई केसपेपर पुढे करून म्हणाल्या, "सिस्टर, ओबीज खोडा ना, ओव्हरवेट लिहा. मुलाने मोबाईलवर वाचलं, ते बरं असतं म्हणे." उपाशीपोटीची शुगर १६८, म्हणजे चांगलीच वाढलेली. म्हणून हे लिहायला बसले.

ओव्हरवेट हा काट्याचा शब्द आहे. उंचीच्या मानाने वजन जास्त, एवढंच तो सांगतो. ते वजन हाडाचं, मांसाचं, अंगावरच्या सुजेचं की चरबीचं, हे काट्याला कळत नाही. ओबीज हा चरबीचा शब्द आहे. अंगात इतकी चरबी साठलीय की तब्येतीला धोका आहे, असा त्याचा अर्थ.

तालमीतला पैलवान घ्या. उंची १७० सेंटीमीटर, वजन ८२ किलो, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २८ च्या वर. जागतिक तक्त्यात तो ओव्हरवेट, पण पोटावर चिमटीत धरायला कातडीशिवाय काही सापडत नाही. आता उलट बाजू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्याने दोघांनाही नॉर्मल म्हटलं. आपल्या लोकांचं हेच आहे, हातपाय काड्या आणि पोट पुढे.

म्हणून आपल्यासाठी रेषा खाली आणल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात २५ ला ओव्हरवेट आणि ३० ला ओबीज. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी ठरवलं की इथे २३ ला ओव्हरवेट आणि २५ ला ओबीज धरायचं. १६० सेंटीमीटर उंचीची बाई ६५ किलोची असेल, तर त्या तक्त्यात ती ओव्हरवेट आणि आपल्या तक्त्यात ओबीज. 'थोडा' आणि 'खूप' एवढ्यावर ज्यांनी हे मिटवलं, त्यांनी यातलं काय सांगितलं?

सरांचा_वर्ग
ताई, पोस्ट माझी आहे. मी जळगावात इंग्रजी शिकवतो, औषध देत नाही. माझी मुलं मुलाखतीला जातात, पुण्या-मुंबईच्या कंपनीत बसतात. तिथे सहकाऱ्याला 'ओबीज' म्हटलं तर काय होईल हे मला त्यांना शिकवावं लागतं.

आणि शब्दाचं मूळ बघा. लॅटिनमधला 'ओबेसुस' म्हणजे खाऊन खाऊन माजलेला. आरोप शब्दाच्या पोटातच आहे: तू खादाड आहेस. ओव्हरवेटमध्ये असा आरोप नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, हुशार, पहिल्या बाकावरची. मुलांनी शास्त्राच्या पुस्तकातून ओबीज शब्द उचलला आणि तेच तिचं नाव करून टाकलं. ती मागच्या बाकावर गेली, मग यायचीच बंद झाली. मला तिचा बीएमआय माहीत नाही आणि तो माहीत करून घ्यायचाही नाही.

राहिलं तुमचं शास्त्र. १९९८ साली अमेरिकेत ओव्हरवेटची रेषा पुरुषांसाठी २७.८ वरून आणि बायकांसाठी २७.३ वरून सरळ २५ वर आणली. लाखो माणसं एक ग्रॅमही न वाढता ओव्हरवेट झाली. समितीने बसून ठरवलेल्या शब्दाला एवढं पवित्र मानायचं कशाला?

केळीबाग_रावेर
सिस्टरचं बरोबर आहे भाऊ. नाक्यावर केळीच्या ट्रकला ओव्हरलोडची पावती फाडतात, आत केळी आहे का दगड ते कोणी बघत नाही. तसंच आहे हे.

भुसावळ_लोको
मी रेल्वेत रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे गाडीवर. आमची पीएमई होते, म्हणजे ठरावीक मुदतीने पूर्ण मेडिकल. मागच्या वेळी डॉक्टरने ओबीज लिहिलं. घरी आलो तर बायको म्हणाली, तळलेलं बंद. अरे पण रात्री दोनला कॉल येतो, पहाटे कुठल्या तरी रनिंग रूमवर उतरायचं, दिवसा झोपायचं, जे मिळेल ते खायचं, परत रात्री गाडी. झोपेचा पत्ता नाही. माझी चरबी बट्टीच्या तुपाची नाही, नाईटची आहे. ड्युटीच्या तासांवर कोण लिहिणार? शब्दावर सगळे लिहितात.

वैद्य_अमळनेर
इंग्रजीवरून भांडताय म्हणून सांगतो. चरकसंहितेत सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' अध्याय आहे. अतिस्थूल कोण, तर ज्याचा मेद आणि मांस इतकं वाढलंय की नितंब, पोट, छाती चालताना हलते आणि अंगात उत्साह राहत नाही. वजनाचा उल्लेख नाही, काटा नाही. तिथेही विचार मेदाचाच आहे. तेव्हा सिस्टर म्हणतात तो फरक जुना आहे. पण सर, अध्यायाच्या नावातच 'निन्दित' आहे हेही लक्षात घ्या. टोमणा आपल्याकडेही तितकाच जुना.

धुळेकर_काकू
तुम्ही सगळे दवाखान्याचं बोलताय. माझ्या मुलीचं लग्न जमत नाही त्याचं बोला. एम.कॉम. आहे, बँकेत आहे. बायोडाटात वजन लिहिलं नव्हतं, तर मध्यस्थ म्हणाले, "लिहा, लोक विचारतात." लिहिलं तर फोनच येत नाहीत. एका घरी कांदेपोहे झाल्यावर मुलाच्या आत्याने माझ्यासमोर म्हटलं, "पोरगी जरा ओव्हरवेट आहे हो." सर, हा तुमचा सभ्य शब्द. इंग्रजीत बोलल्या म्हणून त्यांना वाटलं लागणार नाही. मुलगी आत रडत होती. आणि मुलगा? शर्टाची बटणं ताणलेली. त्याला सगळे म्हणतात 'खात्यापित्या घरचा'.

केळीबाग_रावेर
काकू, मुलीकडचेही कमी नाहीत. माझा पुतण्या बी.एस्सी. अ‍ॅग्री, आठ एकर केळी, ठिबक, स्वतःचा ट्रॅक्टर. अंगाने बारीक आहे, उन्हात काम करतो म्हणून काळवंडलाय. चार वर्षं झाली. पहिला प्रश्न: नोकरी आहे का? दुसरा: जळगावात फ्लॅट आहे का? जेवायला केळी, दादर ज्वारी, भरताची वांगी आमची, आणि पोरगी द्यायची नाही आम्हाला. तुमच्या मुलीला वजनावरून नाकारतात, आमच्या पोराला शेतीवरून. मग शहरातल्या पोटवाल्याला मुलगी देता कशाला?

धुळेकर_काकू
भाऊ, तुमच्या पुतण्यासाठी वाईट वाटतं, पण शेतावर गेलेल्या सुनेला पहाटेपासून काय काय करावं लागतं ते मी माझ्या बहिणीच्या घरी पाहिलंय. मुलींनी नकार दिला तर त्याला कारण आहे. वजनावरून नकार द्यायला काय कारण आहे?

केळीबाग_रावेर
कोणत्या काळातलं बोलताय? आमच्या घरी गॅस आहे, मशीन आहे, गोठ्याला माणूस आहे. न बघता बोलू नका. तुम्ही शहरवाल्यांनी शेतकऱ्याला आधीच नापास करून ठेवलंय.

साक्रीनी_पोर
दोघं थांबा जरा. काकू, तुम्ही मुलीची बाजू घेताय असं तुम्हाला वाटतं, पण बायोडाटात वजन लिहून तो कागद वाटला कोणी? तुम्हीच. माझ्याही आईने लिहिलं होतं. मी खोडलं आणि मध्यस्थाला फोन करून सांगितलं, मन्हं वजन मन्हं शे, तुम्हले काय वझं व्हई ऱ्हायनं? त्यानंतर घरात आठवडाभर कोणी बोललं नाही. चाललं. आणि रावेरवाले दादा, लग्नाच्या बाजारात दोन्हीकडून माल तोलायचाच चाललाय, एकाने जमीन तोलली, दुसऱ्याने पोरगी.

धुळेकर_काकू
बाळा, तुला बोलणं सोपं आहे. तुझी पस्तिशी यायची आहे. लोकांच्या तोंडाला मी एकटी कशी हात लावू?

भुसावळ_लोको
तिचं बरोबर आहे काकू. राग मानू नका. माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही फोटो बदलून दिला होता, बारीक होती तेव्हाचा. पुढे दहा वर्षं तिला सासरी त्या फोटोवरून ऐकावं लागलं.

सातपुड्यातून
मी नंदुरबारच्या धडगाव भागात अंगणवाडीचं काम बघते. तुमचं लग्नाचं वाचून राग आला, खरं सांगते. आमच्याकडेही दोन शब्द आहेत, सॅम आणि मॅम. पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाला टेप लावायची. ११.५ सेंटीमीटरच्या खाली भरला तर सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ च्या मध्ये मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. ऐकायला एका अक्षराचा फरक. पण सॅम लिहिलं तर मूल पोषण पुनर्वसन केंद्राच्या यादीत जातं, मॅम लिहिलं तर घरीच राहतं. आई रडते, म्हणते पोराला तसं लिहू नका, गावात नाव होतं. मी तिचं ऐकून मॅम लिहू का? सर, उत्तर द्या.

आणखी एक. ही बाळं जन्मतानाच अडीच किलोच्या आत असतात. याज्ञिक डॉक्टरांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर जे काम केलं, त्यात हेच निघालं की बाळ वजनाने कमी भरलं तरी मांसाच्या मानाने चरबी राखून असतं. म्हणजे नंदुरबारचं उपाशी पोर आणि जळगावचा शुगरवाला ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजू नका. हेच पोर मोठं होऊन शहरात कामाला गेलं, बसून राहिलं, की पोटावर चरबी धरणार. तेव्हा काटा त्याला ओव्हरवेटसुद्धा म्हणणार नाही.

सरांचा_वर्ग
सातपुड्याच्या ताई, नाही, मॅम लिहू नका. सॅमच लिहा. पण तुम्ही ते रजिस्टरमध्ये लिहिता, चावडीवर ओरडून सांगत नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे.

परिचारिका_चोपडा
तेवढंच नव्हतं सर. तुमच्या पोस्टमध्ये दोन्ही शब्दांचा अर्थ दिलाय, आणि तो चुकीचा दिलाय. 'मित्राच्या वजनावर बोलू नये' एवढं लिहिलं असतं तर मी पहिला अंगठा दिला असता. त्या मागच्या बाकावरच्या मुलीला ओव्हरवेट म्हणून चिडवलं असतं तर ती शाळेत राहिली असती? काकूंच्या मुलीला त्याच शब्दाने रडवलं. शब्द मऊ करून टोमणा मऊ होत नाही. आजार मात्र झाकला जातो.

१९९८ ची रेषा समितीने हलवली, खरं आहे. समिती हलवणारच, कारण बीएमआय हे मुळातच कामचलाऊ माप आहे. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितीने लोकसंख्येचा अभ्यास करताना वजन आणि उंचीच्या वर्गाचं ते गुणोत्तर मांडलं. एकेका माणसाचा आजार ओळखायला ते केलंच नव्हतं. बीएमआय हे नाव तर १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं. म्हणून आता नुसत्या बीएमआयवर थांबत नाहीत. २०२५ च्या जानेवारीत भारतीय तज्ज्ञांनी २००९ चं वर्गीकरण बदललं. २३ च्या वर ओबेसिटीचे दोन टप्पे केले: पहिल्यात चरबी जास्त पण अवयवांच्या कामावर परिणाम दिसत नाही, दुसऱ्यात पोटाचा घेर वाढलेला आणि शुगर, गुडघे, श्वास यांवर परिणाम झालेला. ओव्हरवेट ही पायरीच त्यातून गेली. जो शब्द तुम्ही सभ्य म्हणून वाटताय, तो या तज्ज्ञांच्या तक्त्यातून निघाला.

सरांचा_वर्ग
उद्या टप्पे पण बदलतील. तरी ठीक आहे, दवाखान्याच्या कागदावर ओबीज, तिथे तुमचं मान्य. पोस्टमध्ये एक ओळ जोडतो की आजाराच्या संदर्भात दोन्ही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. पण वर्गात, बसमध्ये, लग्नघरात ओबीज शब्द कोणी कोणाला लावायचा नाही, ही ओळ मी काढणार नाही. आणि ओव्हरवेटसुद्धा लावायचा नाही, हे काकूंमुळे जोडतो. तुमच्यामुळे नाही.

परिचारिका_चोपडा
कोणामुळे का होईना, जोडा. आणि २३ हा आकडाही टाका. मुलं पाठ करतात.

केळीबाग_रावेर
शेतकऱ्याच्या पोराचं कोणीच उत्तर दिलं नाही.

साक्रीनी_पोर
दादा, त्यावर वेगळं लिहा. मी येते भांडायला.

भुसावळ_लोको
सिस्टर, एक विचारायचं राहिलं. पोटाचा घेर म्हणता तो पँटच्या मापाचा का? माझी पँट ३६ ची आहे, म्हणजे नव्वदच्या आसपास ना?

परिचारिका_चोपडा
नाही, पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोघांच्या बरोबर मध्ये टेप धरायची. उभं राहा, शर्ट वर घ्या, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषाला ९० सेंटीमीटर, बाईला ८०. त्याच्या वर गेलं तर बीएमआय काहीही असो, शुगर आणि बीपी तपासून घ्या. नाईटवरून उतरल्या उतरल्या नको, झोप झाल्यावर या.