जिन्यातल्या पेट्या आणि ‘दोन्ही मुलीच? असो’

सोसायटी ग्रुप, मालवण (फक्त कामाचे मेसेज टाकावेत)

रविवार, सकाळी १०:४२

रेवती बी-३०१: नमस्कार. दुसऱ्या माळ्यावरच्या जिन्यात आंब्याच्या पेट्या चार दिवस तशाच आहेत. मला सातवा महिना चालू आहे. हातात भाजीची पिशवी घेऊन तिथून तिरकं होऊन जावं लागतं. आज तिरकी झाले तर वरून आवाज आला, "तिरकी होऊन काय उपयोग गं आता, दोन्हीकडून सारखीच!" चार जण हसले. पेट्या हलवाव्यात ही विनंती. बोलणंही जरा हलवता आलं तर बघा.

बाबी तांडेल बी-१०२: पेट्ये माजे नाय. माजे असते तर चार दिवस भरलेले रवले नसते.

परब सेक्रेटरी: ज्यांच्या असतील त्यांनी आजच उचलाव्यात. तसेच बुधवारी टाकी सफाई आहे. सकाळी ८ ते १२ पाणी बंद. पाणी भरून ठेवावे.

नलिनी काकू बी-२०१: पेट्या माझ्या भाच्याच्या. देवगडहून आल्यात, संध्याकाळी टेम्पो येतोय. आणि रेवती, मी चेष्टेत बोलले. आपलं माणूस म्हणून बोलतो. परक्याला कोण बोलतं?

रेवती बी-३०१: काकू, मी नाव घेतलं नव्हतं.

बाबी तांडेल बी-१०२: 🙊

शर्वरी ए-३०२: नाव घ्यायची गरजच काय, आवाज तिसऱ्या माळ्यापर्यंत येतो.

नलिनी काकू बी-२०१: शर्वरी, गणपतीतल्या आरतीचं अजून मनात आहे वाटतं तुझ्या.

शर्वरी ए-३०२: नाही काकू. ते मी विसरले. तुम्हीच दर महिन्याला आठवण करून देता.

रेवती बी-३०१: गुरुवारचं सांगते. सकाळी गेटवर, "बापरे, जुळं आहे की काय?" अकरा वाजता मासळी बाजारात ओळखीच्या मावशी, "एवढंसंच? खात नाहीस का बाय?" संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर फिरताना, "पोट पुढे टोकदार आहे, मुलगाच." एका दिवसात माझ्या पोटाची तीन मापं झाली. घरी येऊन मी आरशासमोर बाजूने उभी राहून बघत होते, खरंच काही बिघडलंय का म्हणून.

डॉ. माधवी ए-१०३: काही बिघडलेलं नाही. पोट किती दिसतं हे उंची, पोटाचे स्नायू, बाळ कसं वळलंय, बाळाभोवती पाणी किती, पहिलं की दुसरं, यावर जातं. आम्ही नजरेने मापत नाही, टेप लावतो. वीस आठवड्यांनंतर साधारण जितके आठवडे तितके सेंटीमीटर, दोनेक इकडेतिकडे चालतात. तुझ्या डॉक्टरांनी टेप लावलीय ना? मग गेटवरच्या मापाला किंमत शून्य.

नलिनी काकू बी-२०१: आम्ही काळजीपोटी बोलतो. टेप नव्हती तेव्हाही बायका बाळंत होत होत्याच.

सुलभा आत्या ए-२०१: *फॉरवर्ड केलेला मेसेज* रोज रात्री केशर घातलेले दूध घेतल्यास बाळ गोरेपान होते. दहा ग्रुपवर पाठवा.

डॉ. माधवी ए-१०३: आत्या, कातडीचा रंग आईबापाकडून येतो, दुधातून नाही. केशराचा भाव बघता नुसतं दूध दिलं तरी चालेल.

बाबी तांडेल बी-१०२: आमच्या आवशीन माका पोटात असताना फक्त कुळथाची पिठी खाल्ल्यान. रंग बघून घेवा.

अ‍ॅड. राणे ए-२०२: "मुलगाच" म्हणणाऱ्यांसाठी. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ सालीच केला, केंद्राचा १९९४ चा. जिन्यात उभं राहून पोट बघून अंदाज बांधणं त्यात बसत नाही, हे तुमचं नशीब.

डॉ. माधवी ए-१०३: आणि मुलगा की मुलगी हे बापाकडून एक्स गुणसूत्र येतं की वाय यावर गर्भ धरतानाच ठरतं. बाईला जबाबदार धरणं तरी बंद करा.

शर्वरी ए-३०२: हे माझ्या धाकटीच्या वेळी कुणी छापून जिन्यात लावलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या बारशाला एक बाई (आपल्याच विंगमधल्या) पाळण्यात वाकून म्हणाल्या, "दोन्ही मुलीच?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "असो."

शर्वरी ए-३०२: त्या "असो"ला आता सहा वर्षं झाली. पाच किलो तांदूळ दिले असते तर एवढ्यात संपले असते, "असो" अजून पुरतोय.

नलिनी काकू बी-२०१: ती मी नव्हते.

सुलभा आत्या ए-२०१: मी असेन बहुतेक. माझी सवय आहे "असो" म्हणायची. मी जेवण झाल्यावर पण म्हणते.

शर्वरी ए-३०२: आत्या 😐

विनायक ए-१०१: बाप लोकांचंही घ्या कुणीतरी. मी सकाळी बाळाला घेऊन फिरतो तर रोज एकच, "आज आईला सुट्टी?" परवा एकाने शाबासकी दिली, बायकोला मदत करतोस म्हणून. मदत कसली? पोरगी माझी पण आहे. आणि बायको कामावर गेली की तिला, "एवढ्याशा लेकराला टाकून जीव कसा लागतो?" मी कामावर जातो तेव्हा माझ्या जिवाची कुणाला पडलेली नसते.

परब सेक्रेटरी: ग्रुप कामासाठी आहे. बुधवारी टाकी सफाई. ८ ते १२ पाणी बंद.

बाबी तांडेल बी-१०२: विनायका, तू पोरग्याक घेवन फिरतस तेव्हा तुजी स्कूटर माज्या पार्किंगमध्ये कित्या असता?

विनायक ए-१०१: पाच मिनिटं, बाबीभाऊ.

बाबी तांडेल बी-१०२: दीड वर्षाची पाच मिन्टा.

रेवती बी-३०१: आज ऑफिसातल्या एकाचा मेसेज आला, "सहा महिने फुकट पगार, मजा आहे." बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, ते खरं. त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठच घेता येतात. फुकट म्हणणाऱ्याने रात्री अडीचला उठून बघावं.

प्राजक्ता बी-२०२: ज्यांना अजून मूल नाही त्यांचंही बोलू का? लग्नाला पाच वर्षं झाली. हळदीकुंकवाला वाण हातात देताना प्रत्येक जण, "गोड बातमी कधी?" आम्ही काय ते ठरवू. किंवा ठरवलं असेल. किंवा जमत नसेल. तिन्ही गोष्टी वाणाबरोबर सांगण्यासारख्या नाहीत.

गुरुजी ए-३०१: प्राजक्ताचे बरोबर आहे. र. धों. कर्वे आपल्या कोकणातले, दापोलीजवळच्या मुरूडचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यांनी व मालतीबाईंनी मूल नको असे ठरवले होते. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी त्यांना काय काय ऐकवले असेल! नवराबायकोचा हा खाजगी विषय आहे.

प्राजक्ता बी-२०२: गुरुजी, मागच्या दिवाळीत फराळाचं ताट द्यायला आले तेव्हा तुम्हीच समीरला विचारलं होतं, "पुढच्या वर्षी तीन ताटं ना?"

गुरुजी ए-३०१: हो.

गुरुजी ए-३०१: चकल्या चांगल्या झाल्या होत्या.

नलिनी काकू बी-२०१: म्हणजे आता काहीच बोलायचं नाही. जिन्यात भेटलं की खाली मान घालून जायचं. मुंबईसारखं. आम्ही काळजीपोटी बोलतो हे कुणाला कळत नाही.

शर्वरी ए-३०२: काकू, हे दुसऱ्यांदा लिहिलंत.

नलिनी काकू बी-२०१: कारण दुसऱ्यांदाही कुणी वाचलं नाही. बाळंतिणीला मोरी माशाचं कालवण कोण नेऊन देतं या बिल्डिंगमध्ये? सगळ्यांना दिलंय. शर्वरी, तुलाही. दोन्ही वेळेला.

शर्वरी ए-३०२: दिलंत. ते नाकारत नाही.

डॉ. माधवी ए-१०३: मोरीवर एकच. पोटात बाळ असताना आणि दूध पाजताना मोरी नको. मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो. बांगडा, तारली खुशाल खा.

बाबी तांडेल बी-१०२: डॉक्टरनीनु, मोरयेक तरी सोडा.

दुपारी १२:२०

स्नेहल ए-१०२: मी कधी लिहीत नाही इथे. मार्चमध्ये माझं काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. दहावा आठवडा होता. नंतर भेटायला आलेल्यांपैकी एक म्हणाल्या, "बरं झालं, सुरुवातीलाच झालं." एक म्हणाल्या, "गुढीपाडव्याला जिने उतरून खाली आलीस ना, म्हणून." मी अजून जिना उतरताना पायऱ्या मोजते. एकोणीस आहेत.

डॉ. माधवी ए-१०३: स्नेहल, जिन्याने होत नाही. कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरात दहा ते वीस असे जातात, आणि बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. आईच्या चालण्याचा, उचलण्याचा संबंध नसतो. तू काही केलं नाहीस. संध्याकाळी येते मी.

अ‍ॅड. राणे ए-२०२: स्नेहलताई, यासाठी सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. तुमच्या ऑफिसने दिली नसेल तर मला सांगा, अर्ज करून देतो.

(बराच वेळ कुणाचा मेसेज नाही.)

दुपारी १:०५

नलिनी काकू बी-२०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

नलिनी काकू बी-२०१: स्नेहल, जिन्याचं मी बोलले होते. बोलायला नको होतं.

नलिनी काकू बी-२०१: माझं १९७८ साली सातव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. घरी आले तर कुणी शब्द काढला नाही. सासूबाईंनी पाळणा माळ्यावर टाकला. विहिरीवर मी गेले की बायका अर्ध्या भरलेल्या कळश्या उचलून निघून जायच्या. वाईट बोलल्या नाहीत, काहीच बोलल्या नाहीत. एकीने जरी विचारलं असतं, कसं काय गं, तर मी तिथेच बसून रडले असते. ते राहून गेलं. तेव्हापासून मला गप्प बसता येत नाही. कुणी भेटलं की तोंडातून काहीतरी निघतंच, मग ते काय निघतं ते बघायचं राहतं.

सुलभा आत्या ए-२०१: *स्टिकर: शुभ दुपार, हसत रहा*

सुलभा आत्या ए-२०१: चुकून गेला. माफ करा. डिलीट कसा करायचा?

बाबी तांडेल बी-१०२: आत्यानु, दाबून धरा. तां नाय, तां स्टिकरच दाबून धरा.

स्नेहल ए-१०२: काकू, तुम्ही मार्चमध्ये दोनदा बेल वाजवलीत, मी दार उघडलं नाही. दाराच्या भिंगातून बघत होते. तुमच्या हातात डबा होता.

नलिनी काकू बी-२०१: शिरा होता. गार झाला म्हणून मीच खाल्ला.

रेवती बी-३०१: काकू, विचारत जा मला. "कशी आहेस" एवढंच विचारा, उत्तर मी देते. पोट बघून तुम्हीच उत्तर देऊ नका. आणि जिन्यात नको, वर घरी या.

नलिनी काकू बी-२०१: तिसऱ्या माळ्यावर गुडघे चढत नाहीत माझे. तूच ये.

रेवती बी-३०१: पेट्या आहेत ना मधे.

परब सेक्रेटरी: टेम्पो कधी येतोय?

नलिनी काकू बी-२०१: भाचा म्हणतो साडेपाच. एक पेटी सोसायटीला ठेवायला सांगितलीय. प्रत्येक घरी चार आंबे. रेवतीला सहा.

शर्वरी ए-३०२: सहा कशाला, जुळं नाहीये.

शर्वरी ए-३०२: अरे देवा. सॉरी रेवती. सॉरी सॉरी. निघून गेलं.

बाबी तांडेल बी-१०२: 😂😂 काकींची जागा घेतल्यान.

रेवती बी-३०१: असो.

परब सेक्रेटरी: बुधवारी टाकी सफाई. सकाळी ८ ते १२ पाणी बंद. आंबे घ्यायला येताना पिशवी आणावी.