क्रॉस कंट्रीला ग्राउंड कशाला हवं?

कोकणात सपाट ग्राउंडच नाहीत म्हणून शाळेतली पोरं धावण्यात मागे पडतात असं वर एकाने लिहिलंय, ते शंभर-दोनशे मीटरला ठीक आहे पण क्रॉस कंट्रीला (म्हणजे ट्रॅक सोडून मोकळ्या रानातून लांब पळायची शर्यत) अजिबात नाही पटत, त्याला चढउतार, माती, वाळूच लागते. गुहागरला हायस्कूलमध्ये आमचे पीटीचे सर सरावाची जागा तिथीवर ठरवायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते (खाडीवरच्या कुणालाही विचारा), म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि अवसे-पुनवेला सव्वाअकराच्या, त्यामुळे अवस-पुनव आली की पहाटे ओहोटीच्या ओल्या घट्ट पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) पळायचं आणि अष्टमीला ती पाण्याखाली म्हणून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून थेट सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या कातळावर.

अजून एक कुणी लिहिलं नाही, टीमचा निकाल एकट्या पहिल्या आलेल्यावर लागत नाही, मोजणीतल्या सगळ्यांच्या नंबरांची बेरीज करतात आणि ज्यांची कमी ती टीम जिंकते. म्हणून सरांचं लक्ष कायम मागे पडलेल्या पोरावर, चढणीला त्याच्या बाजूने स्वतः धावायचे, "हात हलव रे, पाय येतात मागनं" म्हणत, आणि तो वर पोचेपर्यंत आम्हा पुढच्यांना पाणी प्यायला द्यायचे नाहीत.