अ‍ॅग्रीमेंट संपलंय, मालक म्हणतात सात दिवसात फ्लॅट खाली करा, काय करू?

पर्वरीची भाडेकरू:
नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यात पर्वरीला टू बीएचकेत भाड्याने राहते, नवरा शिपवर असतो, घरात मी, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. २०२२ ला ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट केलं, मग एकदा रिन्यू केलं आणि त्यानंतर मालकच म्हणाले की कशाला परत खर्च, तुम्ही घरच्याच, म्हणून तसंच चालू राहिलं. भाडं १८ हजार, दर महिन्याला ५ तारखेच्या आत गूगल पे करते, एकदाही चुकलेलं नाही. डिपॉझिट ५४ हजार दिलंय.

आता गणपतीची चवथ झाल्या झाल्या त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला सीझन सुरू होतोय, आम्हाला टुरिस्टांना रोजच्या भाड्याने द्यायचाय, सात दिवसात खाली करा नाहीतर लाईट कट करतो, मीटर आमच्या नावावर आहे. शिवाय बेडरूमला बुरशी आली म्हणून डिपॉझिटमधून रंगाचे ४० हजार कापणार. अहो वर उघडी टेरेस आहे, पाणी तिथून झिरपतं, जूनपासून तीनदा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेत मी. पाऊस लागला की खिडकीखाली जुने टॉवेल गुंडाळून ठेवते आणि तासातासाने बादलीत पिळते, कपाट भिंतीपासून वीतभर ओढून घेतलंय तरी मुलीच्या युनिफॉर्मला वास येतो. यात माझी चूक काय? शाळा मध्येच सोडून सात दिवसात घर कुठे शोधू? खरंच काढू शकतात का असं?

डिचोलीकर:
ताई अजिबात हलू नका. भाडं आजपासूनच बंद करा, डिपॉझिटमधून वळतं करून घ्या म्हणावं. आणि गोव्यात मुंडकार कायदा आहे, इतकी वर्षं राहिलात म्हणजे तुमचा हक्क लागलाच, कोणी काढू शकत नाही.

कोर्टात रोजची:
डिचोलीकर दादा, राग समजतो पण हा सल्ला ताईंना खड्ड्यात घालेल. मुंडकार कायदा १९७५ चा, तो भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठी आहे, दर महिन्याला भाडं भरून फ्लॅटमध्ये राहणारा मुंडकार होत नाही. आणि भाडं तर बिलकुल थांबवायचं नाही. गोव्याचा भाड्याचा कायदा १९६८ चा, त्यात तीन महिन्यांचं भाडं थकलं आणि नोटीस मिळूनही ३० दिवसात भरलं नाही तर तेच घराबाहेर काढायचं कारण होतं, म्हणजे आज तुमच्या हातात जे सगळ्यात भक्कम आहे तेच तुम्ही फेकून द्याल.

आता ताई तुमचं. सात दिवसात तोंडी सांगून काढता येत नाही. अ‍ॅग्रीमेंट संपल्यावरही ते भाडं घेत राहिले, तुम्ही राहात राहिलात, म्हणजे सहसा महिन्याची टेनन्सी धरली जाते आणि ती संपवायला निदान १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस दिली म्हणून लगेच सामान बाहेर काढता येतं असंही नाही, त्यांना रेंट कंट्रोलरकडे, म्हणजे भाड्याचे वाद बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, किंवा कोर्टात जावंच लागतं. १९६८ च्या कायद्याखाली कारणंही ठरलेली आहेत, भाडं थकवणं, न विचारता पोटभाडेकरू ठेवणं, मालकाला स्वतःला राहायला जागा लागणं वगैरे. तुमच्या बिल्डिंगला तो कायदा लागतो का आणि कागदावर लीज (भाडेपट्टा) आहे की लीव्ह अँड लायसन्स (नुसती राहायची परवानगी), ते कागद बघून वकील सांगेल. पण वर लायसन्स लिहिलं म्हणून ते लायसन्सच होतं असं नाही, घराचा पूर्ण ताबा कोणाकडे होता हे कोर्ट बघतं, सुप्रीम कोर्टाने १९५९ लाच सांगितलंय.

लाईटचं म्हणाल तर भाडेकरूची वीज तोडून त्याला बाहेर काढता येत नाही, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वीज ही मूलभूत गरज आहे, मालक एनओसी देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही असं म्हटलंय. धमकी कधी दिली, कोणासमोर दिली हे आजच लिहून ठेवा. कुलूपच बदललं तर पोलिसात लेखी अर्ज द्या, तुमच्या कॉपीवर शिक्का घ्या आणि सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात गेलात तर मालकी कोणाची हा प्रश्न न काढता ताबा परत मागता येतो.

बुरशीचं तर माझं स्पष्ट मत आहे. वापराने होणारी नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, आणि टेरेसमधून झिरपणारं पाणी तर तुमच्या वापराने आलेलंच नाही. ते तीन फोटो तारखेसकट जपा, फोन बदललात तरी जाऊ देऊ नका.

फोंड्याचो मालक:
मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या वडिलांचं एक दुकान जुन्या भाड्यात अडकलंय, माझं अर्धं आयुष्य तारखा बघण्यात गेलं, म्हणून मालक लोक घाबरतात आणि ११ महिन्यांवर जात नाहीत. एक वर्षाच्या वरची लीज रजिस्टर करावी लागते, तो खर्च वाचवायचा हेही असतंच. पण घाबरलो म्हणून लहान मुलीच्या घरातली लाईट तोडायची हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही. त्या मुलाला हेही विचारा की टुरिस्टांना द्यायला टुरिझम खात्याचं रजिस्ट्रेशन लागतं, ते केलंय का, १९८२ चा कायदा आहे त्याचा.

ताई, मुलाशी वाद घालू नका, म्हाताऱ्या मालकांना भेटा. शाळेचं वर्ष संपेपर्यंत द्या म्हणावं आणि ठरलेली तारीख कागदावर घ्या, दोघांच्या सह्या. मी तरी असा भाडेकरू हातचा घालवला नसता.

पर्वरीची भाडेकरू:
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री पहिल्यांदा नीट झोपले. आज सकाळी पोस्टात जाऊन रजिस्टर्ड एडीने पत्र टाकलं, भाडं वेळेवर भरतेय, लेखी नोटीस मिळालेली नाही, टेरेसची गळती जूनपासून कळवलीय, एवढंच लिहिलंय. संध्याकाळी मालकांना भेटायला जाणार. एकच विचारायचं, शेवटी एप्रिलपर्यंत ठरलं तर डिपॉझिट आधी मागू की चावी आधी देऊ?

कोर्टात रोजची:
दोन्ही एकाच टेबलावर ताई. जायच्या दिवशी मालकांना घरी बोलवा, एकेका खोलीचा व्हिडिओ त्यांच्यासमोर काढा, मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या आणि रक्कम तुमच्या खात्यात आलेली दिसली की तिथेच चावी त्यांच्या हातात ठेवा, चावी मिळाली असं त्यांच्याकडून लिहून घेऊन. आज भेटायला जाताना सासूबाईंना पण सोबत न्या.