रि: रि: व्हॅन बसली, स्पीकर आत (तातडीचे)

नितीन, शुक्र. सायं. 6:40
मंडळी, व्हॅन परत बसली. चावी फिरवली की नुसतं टक-टक-टक आणि डॅशबोर्ड मंदावतो. स्पीकर, बॅनर, हलव्याचे दागिने सगळं आत. हॉल उद्या 9 ला उघडतो. बाहेर उणे 12 फॅरनहाइट. मंडळाचा चार्जर कुणाकडे आहे? पिकनिकनंतर मला दिसलेला नाही.

वैशाली, 6:52
दागिने गाडीत का ठेवलेत??? पाच बाळांचं बोरन्हाण आहे. आत आणा, पण डबा उघडू नका. एकदम उबेत उघडलात तर हलव्याला पाणी सुटेल.

श्रीकांत, 7:05
नितीन, आधी हेडलाइट लाव आणि मग चावी फिरव. दिवे विझायला आले तर बॅटरी तरी गेलीय किंवा टर्मिनल तरी सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहून एकदाच टक् झालं तर इंजिन फिरवणारा स्टार्टर बिघडलाय. टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार साठलाय का तेही बघ. मागच्या वेळी मीच खायच्या सोड्याच्या पाण्याने घासून दिला होता.

मंजिरी (खजिनदार), 7:20
चार्जर मंडळाच्या पैशाने घेतलाय, पावती माझ्याकडे आहे. वस्तू कोण नेतं याची नोंद ठेवणं लॉजिस्टिक्सचं काम. व्हॅन मात्र मंडळाची नाही, तेव्हा नव्या बॅटरीचं बिल माझ्याकडे पाठवू नये. गणपतीच्या वेळचं टायर प्रकरण सर्वांच्या लक्षात असेलच.

नितीन, 8:10
दिवे विझत होते. शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवरून जंप घेतला, सुरू झाली. इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट दाखवत होतं, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. 20 मिनिटं फिरवून आणली, बंद केली, मीटर लावला: 12.4. चालेल ना? सकाळी उचलेल?

(मंजिरीताई, टायरचे पैसे मी मागितलेच नव्हते.)

अविनाशकाका, 8:25
12.4 म्हणजे उत्तम. उगाच घाबरवू नका पोराला. सांगलीला आमच्या जीपची बॅटरी आठ वर्षं चालली. बॅटरीवाला अ‍ॅसिडची घनता बघायला हायड्रोमीटर बुडवायचा, 1.265 आलं की विषय संपला. आणि नाहीच उचलली तर धक्का मारा, सेकंड गिअर टाका, क्लच सोडा. चार जण पुरतात.

श्रीकांत, 8:41
काका, ऑटोमॅटिक आहे, धक्क्याने नाही उठायची. आणि बॅटरी सीलबंद, हायड्रोमीटर बुडवायचा कुठे?

नितीन, गाडी बंद केल्या केल्या मापलेला आकडा फुगलेला असतो, वरवरचा चार्ज. हेडलाइट दोन मिनिटं लाव, बंद कर, थोडं थांबून परत माप. 12.6 भरलेली, 12.4 पाऊण, 12.2 निम्मी, 12 आलं तर पाव. आणि या थंडीत भरलेल्या बॅटरीतलाही निम्माच जोर हाती लागतो. खरी परीक्षा चावी फिरवताना. एकाने मीटरवर डोळा ठेवायचा, 9.6 च्या खाली गेलं की बॅटरी गेली म्हणायची. हा आकडा उन्हाळ्यातला आहे, उणे 12 ला थोडी सूट दे.

अविनाशकाका, 8:50
जीप मिलिटरीची होती. सहज सांगितलं.

नितीन, 9:02
11.9 😬

श्रीकांत, 9:06
मग रात्रभर बाहेर ठेवूच नकोस. बसलेली बॅटरी 20 फॅरनहाइटच्या आसपासही गोठते, भरलेली तग धरते. गोठली, केस फुगली, तर तिला जंपही द्यायचा नाही, फुटू शकते. काढून गॅरेजमध्ये घे. काढताना काळी आधी, लावताना लाल आधी. चार्ज करताना पेट घेणारा गॅस सुटतो, म्हणून वॉटर हीटरजवळ नको. पण चार्जर?

अविनाशकाका, 9:15
चार्जर माझ्याकडे आहे. गणपतीपासून. कुणी विचारलं नाही. घेऊन येतो.

मंजिरी (खजिनदार), 9:17
काका, पहिल्याच मेलमध्ये विचारलंय.

प्राजक्ता, 9:30
तिळगुळात शेंगदाणे आहेत का? अर्णवला चालत नाहीत. बॅटरीचं माहीत नाही, सॉरी.

नितीन, शनि. सकाळी 7:05
रात्रभर चार्ज केली. 5 ला चार्जर काढला तेव्हा 12.9, सातला 12.2. गॅरेजमध्ये, काहीही न जोडता! बसवून चावी फिरवली, मीटर 7.6 वर आला आणि टक-टक. स्टिकरवरची तारीख पाच वर्षांपूर्वीची निघाली. मी तीन वर्षं म्हणून हिशोब धरून बसलो होतो.

पार्टचं दुकान 7:30 ला उघडतं, श्रीकांत सोडतोय. सामान त्याच्या गाडीत टाकलंय. मंजिरीताई, बिल माझं मीच भरणार.

मंजिरी (खजिनदार), 7:12
जुनी बॅटरी दुकानात द्या, डिपॉझिट परत मिळतं. चार्जर आज हॉलवर आणा, नोंद करून घेते.

वैशाली, 7:14
आणि दागिन्यांचा डबा??

नितीन, 7:31
घरीच राहिला. वळतोय.