हस्कीच्या पिल्लासाठी नाव हवंय: नर-मादी दोघांना चालणारं, कूल, आणि आजींना हाक मारता येईल असं

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. या महिनाअखेरीस आमच्याकडे सायबेरियन हस्कीचं पिल्लू येतंय. पुण्यात नात्यातल्या एका घरी मादी व्यायली आहे. पिल्लं दोन महिन्यांची झाली की ज्याची त्याला देणार. आमचा नंबर शेवटचा, म्हणजे बाकीच्यांनी निवडून जे उरेल ते आमचं. नर येणार की मादी, हे आणायला जाऊ त्या दिवशीच कळेल. लेकीला तेवढा धीर नाही. तिला नाव आत्ता हवंय, तेही 'कूल'. रोज रात्री जेवताना याच विषयावरून भांडणं होतायत.

आधीच सांगते, 'नाशिकच्या उन्हात हस्की?' हा प्रश्न घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि प्राण्यांच्या डॉक्टरांनी विचारून झालाय. तळमजल्याचं घर आहे, एक खोली एसीची आहे, एप्रिल-मेमध्ये फिरवणं पहाटे उजाडायच्या आत आणि रात्री जमीन निवल्यावर. केस भादरायचे नाहीत हेही कळलंय, त्यांचा दुहेरी थर उन्हापासूनही वाचवतो. एवढ्यावर समाधान झालं नाही तर वेगळा धागा काढा, तिथे येऊन बोलणी खाईन. इथे फक्त नाव.

अटी बऱ्याच आहेत. दिवसभर घरी सासूबाई असतात, तेव्हा हाक त्यांच्या तोंडी बसली पाहिजे. 'फ्रॉस्ट'चं त्यांनी पहिल्याच दिवशी 'फरास' केलं. देवाचं नाव कुत्र्याला चालणार नाही, नदीचंही नाही, म्हणजे 'गोदा' बाद. वरच्या मजल्यावर हेमंतकाका राहतात, त्यामुळे 'हेमंत' बाद, आणि त्याच ओघात 'शिशिर'ही. लेकीला 'नोवा' फार आवडलं होतं, पण ती दिवसभर प्रत्येक गोष्टीला 'नो' म्हणणार, मग त्या बिचाऱ्याला रागावतायत की बोलावतायत हे कळायचं कसं? 'किट'ही त्याच कारणाने गेलं, 'सिट'ला फार जवळचं.

आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी लांबून ओरडता आलं पाहिजे. मला 'दव' आवडतं, पण गच्चीत जाऊन ओरडून बघा. शेवटी ओढायला स्वरच नाही. 'दऽऽव' म्हणता म्हणता कुत्रं अंबड लिंक रोडला पोचलेलं असेल.

सध्याची यादी: स्काय, ब्लू, ॲश (लेक), धुकं, कापूस (मी), मोती (सासरे, दरवर्षीप्रमाणे). सुचवा.

गंगापूररोडकर

उन्हाबद्दल बोलणार होतो, पण तुम्ही आधीच तोंड बंद केलंत.

'टोगो' घ्या. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या स्लेजवरून हजारेक किलोमीटर बर्फातून औषध पोचवलं होतं. गावात शिरणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या 'बाल्टो'चं नाव झालं, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळासुद्धा उभा राहिला. पण सगळ्यांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा टोगोच्या तुकडीने मारला होता. दोन अक्षरं, शेवटी 'ओ', हाक लांबवता येते. टोगो स्वतः नर होता, पण नावावरून काही कळत नाही.

द्राक्षवाला

ताई, बाहेर कुठे शोधताय? जिल्ह्यात थंडीचं एकच नाव आहे: निफाड.

डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी पेपरात 'निफाडचा पारा घसरला' येतंच. आमचा जीव टांगणीला असतो, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतो. तुमच्या पिल्लाला मात्र हीच हवा मानवेल. गावाचं नाव असल्याने नर-मादीचा प्रश्नच नाही. लाडाने 'निफू'.

दोन_मांजरी

'निफाड, इकडे ये' हे वाक्य मला दिवसभर पुरेल.

पण ताई, तुमच्या यादीतली खरी अडचण अजून कुणी सांगितली नाही. नाव कितीही दोघांना चालणारं निवडा, ते तसं राहतं फक्त कागदावर. आपल्याकडे पहिल्या आठवड्यात त्याला '-या' लागतो. टोगोचा 'टोग्या' होणार, ब्लूचा 'ब्लुया'. मादी निघाली की 'टोगे'. सोनू, मनू ही नावं दोन्हीकडे चालतात असं वाटतं ना? आमच्या गल्लीत एक सोन्या आहे आणि एक सोने आहे, दोघांच्याही आधारकार्डावर वेगळंच काहीतरी. तेव्हा प्रत्येक नावाला आधी '-या' आणि मग '-ए' लावून बघा. जे वाकणार नाही ते घ्या.

पाथर्डीफाटा

@द्राक्षवाला, दादा, सासूबाईंचं माहेर निफाडचं. नाव वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "माझ्या माहेराला हाडहूड करायला लावताय होय?" विषय संपला. सासरे अजून हसतायत.

@दोन_मांजरी, बरोबर आहे तुमचं. काल सगळी यादी चाळली. 'कापूस'चा 'काप्या' झाला आणि 'धुकं'चं जे झालं ते इथे लिहीत नाही. 'स्काय' टिकलं, पण सासूबाई 'सकाय' म्हणतात, आणि मग मलाच "सकाळ झाली का?" असं ऐकू येतं.

इंदिरानगरची_हस्कीवाली

आमच्याकडे हस्की आहे, मादी, आता मोठी झाली. नावाबद्दल दोन गोष्टी बोलते. बाकी केसांबद्दल विचाराल तेव्हा बोलूच. वर्षातून दोनदा पूर्ण आतला थर उतरतो, तेव्हा 'कापूस' हे नाव तुम्हाला आपसूक आठवेल. गोळे करून पिशव्या भरतात.

पहिली गोष्ट म्हणजे नाव ऐकून हस्की परत येईल या भरवशावर राहू नका. ही जात ओढगाडीसाठी, लांब लांब पळण्यासाठी तयार झाली. वास लागला, मांजर दिसली, की तुम्ही काहीही ओरडा. माझी मागे वळून बघते, एक कान माझ्याकडे करते, आणि पुढे जाते. तिला ऐकू आलेलं असतं, फक्त पटलेलं नसतं. म्हणून पांडवलेणी असो नाही तर गोदापार्क, पट्टा सोडायचा नाही. कुंपणाखालून उकरून जाण्यातही या जातीचा हात धरणारं कुणी नाही, तळमजल्याचं घर आहे म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरी गोष्ट, नाव रागावायला वापरू नका. चप्पल कुरतडली की सगळं घर नाव घेऊन ओरडतं, आणि मग तेच नाव घेऊन बोलावलं की कुत्रं पलंगाखाली. रागावताना 'अंहं' किंवा 'नको' पुरे. नाव घेतलं की खाऊ, नाव घेतलं की डोक्यावरून हात. सुरुवातीला घरातल्या प्रत्येकाने असं केलं तर नाव चार-पाच दिवसांत कळतं. आणि सगळ्यांनी एकच हाक मारा. आजी 'मोती', लेक 'स्काय' असं चालू राहिलं तर ते पिल्लू दोघींनाही ओळख देणार नाही.

शेवटचा स्वर ओढता यावा हे तुमचं बरोबर. सुरुवातीला ट, ड, क असा टणक आवाज असेल तर आणखी बरं, गोंगाटातून वेगळा कळतो.

हो, आणि ती भुंकत नाही फारशी. हेल काढते. सकाळी घंटागाडीचं गाणं लागलं की सोबत सूर लावते, आख्ख्या सोसायटीला कळतं कचरा खाली आणायचाय. तुमच्या हेमंतकाकांना आधीच सांगून ठेवा.

भूगोलाचा_तास

टणक आवाज, शेवटी स्वर, थंडी, आणि नर-मादी काही नाही. शाळेच्या भूगोलात हे नाव सगळ्यांनी पाठ केलंय: टुंड्रा.

नुसतं थंड वाटतं म्हणून सुचवत नाही. हस्की मुळात सायबेरियाच्या ईशान्य टोकाच्या चुकची लोकांची कुत्री. तिथला प्रदेश टुंड्राच. म्हणजे पिल्लाच्या मूळ गावाचंच नाव झालं, आणि त्यावर कुणाच्या माहेरचा आक्षेप येणार नाही. त्याच धड्यात 'तैगा'पण होतं, पण ते लांबून 'टायगर' ऐकू येतं, आणि नाशिकमध्ये 'टायगर' अशी हाक मारली तर किती कुत्री धावत येतील सांगता येत नाही.

@दोन_मांजरी, लावा आता '-या'. टुंड्र्या? जीभ अडकते. परीक्षा पास.

दोन_मांजरी

टुंड्या.

भूगोलाचा_तास

हरलो.

दोन_मांजरी

मादी असेल तर टुंडे. "टुंडे, उतर सोफ्यावरून." सॉरी सर, पण मला तुमचं नाव मनापासून आवडलंय, म्हणूनच सांगितलं. वाकलं तरी ओळखू येतं, बाकीची नावं वाकली की मोडतात.

पाथर्डीफाटा

टुंड्रावर घरात मतदान झालं. लेकीने लगेच इंग्रजीत लिहून बघितलं आणि म्हणाली, छान दिसतंय. सासऱ्यांना भूगोल आठवला, त्यांनी टुंड्रा प्रदेशातल्या वनस्पतींवर अर्धा तास घेतला (शेवाळ आणि दगडफूल, आता मलाही पाठ झालं). सासूबाईंनी दोनदा म्हणून बघितलं. 'टुंडरा' म्हणतात, पण न अडखळता. "हे बरंय, कुणाचं नाही," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडून ही मोठी पसंती आहे. टोगोला दोन मतं होती, माझं आणि नवऱ्याचं, ती मोजली गेली नाहीत.

आता लेकीला गळपट्ट्यावर नाव छापून हवंय, तेही ऑनलाइन, पिल्लू येण्याआधी पोचेल असं. मागवू का? हस्कीच्या पिल्लाला साधारण कोणतं माप लागतं?

इंदिरानगरची_हस्कीवाली

नका मागवू. या वयात मान भराभर वाढते, महिन्या-दोन महिन्यांत पट्टा लहान होतो. साधा, माप कमी-जास्त करता येणारा नायलॉनचा घ्या, आणि रोज दोन बोटं आत जातायत ना ते बघत जा. फिरवायला पुढे छातीचा हार्नेस लागेल, हस्की ओढतो आणि ओढतोच.

नाव छापायची हौस असेल तर पितळी बिल्ला करून घ्या. भांडी बाजारात स्टीलच्या भांड्यांवर नावं घालून देतात ना, तिथेच होईल काम. एका बाजूला तुमचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत, नाव मागच्या बाजूला. हरवलेलं कुत्रं ज्याला सापडतं त्याला नंबर लागतो. लसीच्या कार्डावर डॉक्टर नाव विचारतील, तिथे 'टुंड्रा' लिहा, 'टुंड्या' नको.

द्राक्षवाला

अक्षरामागे पैसे घेतात तिथे. इंग्रजीत 'निफू' चारच अक्षरं होती, ताई. बघा अजून.