अनुभव धागा: सॅन होजेत व्हिएतनामी काय खाल्लंत, कुठे खाल्लंत?

सांगलीहून आई-बाबा येताहेत, कॅलिफोर्नियात, सॅन होजेला लागून असलेल्या मिलपीटसला तीन आठवडे मुक्काम. बाबा मासे-कोंबडी खातात, बीफ नाही. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. सॅन होजेत एक लाखाहून जास्त व्हिएतनामी राहतात; व्हिएतनामबाहेर एवढे दुसऱ्या कुठल्याच शहरात नाहीत म्हणे. आणि आम्ही पाच वर्षं इथे राहून पनीर टिक्का पिझ्झा खातोय! नुसती हॉटेलांची यादी नको, ती फोनवर मिळते. काय मागवलंत, काय फसलं, सोबत कोण होतं, ते लिहा.

टली रोडवाला:
डाउनटाऊनमध्ये शोधत बसू नका. स्टोरी रोडवरचा ग्रँड सेंच्युरी मॉल आणि त्याला खेटून असलेलं व्हिएतनाम टाऊन, नाहीतर टली आणि किंग रोडच्या कोपऱ्यावरचा लायन प्लाझा. गाडी लावायला जागा मिळाली की निम्मी लढाई जिंकलात. रविवारी अकरानंतर मिळत नाही, वाद घालू नका.

फ, म्हणजे गरम रश्शातल्या तांदळाच्या शेवया, सकाळी खायचा. हो, 'फो' नाही, 'फ', तोही प्रश्न विचारल्यासारखा शेवटी वर नेलेला. तिकडे ती न्याहारी आहे. बाबांसाठी 'फ गा', म्हणजे कोंबडीचा. पण जिथे मुख्य धंदा बीफचा, तिथे कधीकधी चिकनचे तुकडे बीफच्याच रश्शात घालून देतात. हे मला दोन वर्षांनी कळलं. म्हणून फ गासाठी नावाजलेलं दुकान गाठा, आणि तिथेही आधी विचारा.

बाजूला ताटलीत मोड, थाई तुळस, लिंबू, मिरचीच्या चकत्या येतात. नशीब असेल तर लांब, करवती कडेची पानं असतात, वास थेट कोथिंबिरीचा. ती हातानं तोडून टाकायची. आधी दोन चमचे रस्सा नुसता प्या. मी पहिल्या दिवशी टेबलावरचे सगळे सॉस ओतून त्याची मिसळ केली होती.

सासूबाईंची सून:
आईंसाठी हे नीट वाचा. सासूबाईंना घेऊन गेले होते. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर काउंटरवरच्या बाईंनी मान डोलावली. टोफू घातलेल्या शेवया आल्या, सोबत वाटीत सोनेरी पातळ काहीतरी, वर गाजराचे तंतू तरंगताहेत. सासूबाईंनी कौतुकानं अख्खी वाटी ओतून घेतली. "आंबटगोड छान आहे गं, पण वास कसला?" मी चाखून पाहिलं आणि गप्प बसले. तो न्योक माम, मासे मिठात मुरवून काढलेला अर्क. त्यांच्या स्वयंपाकात तो आपल्या मिठासारखा सगळीकडे असतो, आणि मांस नाही म्हणजे शाकाहारी, असा त्या बाईंचा साधा हिशेब. खरं कळल्यावर सासूबाईंनी घरी येऊन आंघोळ केली, मला काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

मग एक शब्द शिकले: 'चाय'. पाटीवर सी-एच-ए-वाय ही अक्षरं शोधा. चहाशी संबंध नाही, हा त्यांचा बौद्ध शाकाहार. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ घरांत चाय पाळतात, आपल्या एकादशी-चतुर्थीसारखं. कडक चायमध्ये कांदा-लसूणही चालत नाही, म्हणजे तुमच्या आईंचा चातुर्मासही सुटला.

आणि टोफूची दुकानं चुकवू नका. गवती चहा आणि मिरची लावून तळलेला टोफू गरम असतानाच, गाडीत बसून खायचा. शिवाय आल्याच्या पाकातला मऊ टोफू मिळतो, चमचा लावला की खरवसासारखा थरथरतो. सासूबाई दोन डबे बांधून घेऊन आल्या.

रात्रपाळी:
का फे सुआ दा. तळाशी कंडेन्स्ड मिल्क, वर पत्र्याच्या गाळणीतून थेंब थेंब पडणारी कॉफी, मग बर्फ. दुकानात न्यू ऑर्लिन्सच्या 'काफे दु मोंद'चा पिवळट नारिंगी डबा दिसला तर दचकू नका, त्यातल्या चिकोरीमुळे आपल्या फिल्टर कॉफीची आठवण येते. दुपारी चारनंतर पिऊ नका. मी प्यायलो, पहाटे तीनला कपाट आवरत होतो.

कणीवाला:
सगळे फ-फ करताहेत म्हणून लिहितो, 'कोम ताम' खा. शब्दशः तुटक्या तांदळाचा भात. आमच्या आजीच्या भाषेत कण्या. गिरणीत मोडलेला तांदूळ, स्वस्त म्हणून गरिबांनी खाल्ला, आता त्याच्यासाठी मुद्दाम रांगा लागतात. वर निखाऱ्यावर भाजलेलं गोडसर पोर्क, अंड्याची वडी, बाजूला मुळा-गाजराचं लोणचं. आजी कण्यांची पेज आजारी माणसाला द्यायची. तिला फोटो पाठवला तर म्हणाली, "एवढे पैसे देऊन कण्या?"

लाल टीशर्ट:
खाण्याचं नाही, पण सांगतोच. हनोईहून आणलेला लाल टीशर्ट, मधोमध पिवळी चांदणी, तो घालून बान मी, म्हणजे त्यांचं सँडविच, घ्यायला गेलो. वाटलं, खूश होतील. रांगेतले एक आजोबा बराच वेळ टीशर्टकडे बघत राहिले आणि मग मान फिरवून उभे राहिले. दुकानात भिंतीवर पिवळा झेंडा होता, तीन लाल पट्ट्यांचा. तो जुन्या दक्षिण व्हिएतनामचा. ३० एप्रिल १९७५ ला तिथली राजधानी सायगाव कम्युनिस्ट उत्तरेच्या हाती पडल्यावर देश सोडून आलेली ही माणसं, आणि मी त्यांना ज्यांनी हाकललं त्यांचा झेंडा छातीवर मिरवत उभा! जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि घामाघूम होत सँडविच घेतलं.

बाकी बान मी अप्रतिम. 'लीज सँडविचेस' आज बऱ्याच ठिकाणी दिसतं, त्याची सुरुवात याच गावात १९८३ मध्ये खाद्यगाडीवर झाली. पण पाव भट्टीतून नुकता निघालेला असेल तर कुठलंही छोटं दुकान चालेल. रोख पैसे जवळ ठेवा.

तिखटजाळ:
कणीवाल्याला अनुमोदन, पण माझं मत 'बुन बो ह्वे'ला. जाड शेवया, गवती चहाचा लालभडक रस्सा. बीफ-पोर्क दोन्ही असतं, वर रक्ताच्या वड्याही, म्हणून बाबांना नको. कोल्हापूरकरांनी एकट्यानं जाऊन खावं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. आई-बाबा येऊन गेले. चाय हॉटेलात आईनं हळद घातलेलं तांदळाचं धिरडं खाल्लं, 'बान सेओ चाय', आत मोड आणि मशरूम. "नारळाचं दूध घातलंय, नाहीतर इतकं कुरकुरीत होत नाही," असं तिनं परस्पर जाहीर केलं आणि ते खरं निघालं. बाबांनी फ गा निम्मा ठेवला, अळणी म्हणे. मग मॉलमध्ये उसाच्या रसाचा चरक दिसला. ते रसात छोटं आंबट संत्रं पिळतात. बाबा चरकासमोर उभे राहिले, कांडं दोनदा दुमडून घातलं का ते पाहिलं, तीन ग्लास प्यायले. परतीच्या आदल्या दिवशी विमानतळाची तयारी सोडून पुन्हा तिथेच जायचं होतं त्यांना. गेलो.